चेअरमन माझ्या पाया पडला

स्टेजवर मला दोन पोरांनी दंडाला धरून नेलं. एक डावीकडं, एक उजवीकडं. धरायची काही गरज नव्हती. सकाळपासून मी शेणाच्या पाट्या वाहत होते, माझी मीच चालत होते. पण त्यांनी धरलं आणि मी आपोआप वाकले. दोन्हीकडून असं धरलं की धडधाकट माणूस पण म्हातारं दिसतं.

चेअरमन खुर्चीतून उठला. पांढरे कडक कपडे. काळेभोर केस, कलप लावलेले. तोंडावर मी त्याला साहेबच म्हणायचे. सगळं गाव म्हणतं. इथं सांगताना मी 'तो' म्हणते. एवढं तरी माझ्या हातात आहे.

तो माझ्यासमोर आला आणि काही कळायच्या आत वाकला. कसा सहज वाकला. मला असं वाकता येत नाही. मला वाकायचं तर आधी गुडघ्यावर हात ठेवावा लागतो, मग कंबर सोडावी लागते, हळूहळू. तो एका दमात खाली गेला. माझ्या पायाला शेण होतं. बोटांच्या बेचक्यात वाळलेलं. ते त्याला दिसलं असणार, कारण त्याचं डोकं माझ्या पायाला लागलं नाही. वर वीतभर थांबलं. फोटोवाला म्हणाला, "साहेब, तसंच राहा." तो तसाच राहिला.

मग उठून माईक घेतला.

"ही आजी म्हणजे माझी आईच आहे. सत्तर वर्षांची ही माउली, निराधार, तरी ह्या दुष्काळात आपल्या गुरांसाठी छावणीत येऊन राहिली आहे. अशा आयांचे आशीर्वाद हीच आमची कमाई."

टाळ्या.

मी सदतीस वर्षांची होते.

एका बाईनं ताट आणलं. त्यात साडी, नारळ, हळदीकुंकू. तिनं कुंकवाचा करंडा उचलला, माझ्या कपाळाकडं बघितलं आणि परत ठेवला. माझं कुंकू घामानं पुसलं होतं. गळ्यातले मणी टॉवेलाखाली होते. तिला वाटलं, विधवा. नुसती साडी दिली. फिक्या राखी रंगाची, काठ न दिसणारी. म्हाताऱ्या बायकांची साडी.

माझा नवरा वीस पावलांवर उभा होता, आमच्या बैलांपाशी.

गावातले सगळे तिथं होते. सगळ्यांना माझं वय माहीत होतं. एकानं तोंड उघडलं नाही. मी पण नाही. मी साडी घेतली. हात जोडले. दोन्ही पोरांनी परत दंडाला धरून मला खाली आणलं.

*

आमचं गाव केज तालुक्यात. चार एकर हलकं रान, त्यात मुरूम जास्त, माती कमी. लग्न झाल्यापासून आम्ही दोघं उसतोडीला जायचो. दसरा झाला की गाड्या भरायच्या आणि खालच्या मुलखात जायचं. तिथं मुकादमाला बाईचं दुखणं चालत नाही. महिन्याचे चार दिवस चालत नाहीत. टोळीतल्या बायका एकीमागं एक दवाखान्यात जाऊन गर्भाची पिशवी काढून आल्या. मी पण काढली. तेव्हा मी तिशीला पण पोचले नव्हते. डॉक्टर म्हणाला, "कटकट गेली." कटकट गेली आणि त्याबरोबर हाडातलं काहीतरी गेलं. अंगातून आग निघायची, झोप यायची नाही, हातपाय चावल्यासारखे दुखायचे. केस पांढरे झाले ते दोन उन्हाळ्यात. दात हलायला लागले.

मग लागोपाठ पाऊस गेला. खालच्या मुलखात पण ऊस पुरता वाढला नाही. कारखाने लवकर बंद. आम्ही गावातच अडकलो. दोन बैल, एक गाय. कडबा संपला. तेव्हा चेअरमनच्या दूध संघानं गावाबाहेरच्या माळावर चारा छावणी लावली. आजूबाजूच्या गावांची जनावरं तिथं आली. बांबू रोवून वर हिरवी जाळी टाकली, त्याखाली दावणी. लोक जनावरांसोबत तिथंच राहायला आले. चूल तिथं, अंथरूण तिथं.

छावणीचं काम करायला बायका पाहिजे होत्या. पुरुष नको म्हणाले. पुरुष बसतात, बिडी ओढतात, हुज्जत घालतात. मॅनेजरनं आमच्या वस्तीतल्या बायका घेतल्या. मला, कांताला, आणखी चौघींना.

छावणीचं काम कुणी लांबून बघितलं तर सोपं दिसतं. गुरांना वैरण टाकायची, एवढंच. पण ट्रक येतो उसाचा. तो उतरवायचा बायकांनी. मोळी डोक्यावर घेऊन कुट्टीच्या मशिनपाशी न्यायची. मशिनमध्ये सारायची. मशिन फुफाटा उडवतं. तो नाकात जातो, घशात जातो, रात्रीच्या खोकल्यात हिरवा पडतो. कुट्टी पाट्यांत भरायची, दावणीला वाटायची. टँकर आला की पाइप ओढायचा, हौद भरायचे. सगळ्यात जड शेण. इतक्या जनावरांचं शेण. ओलं शेण मातीपेक्षा जड असतं. पाटी भरून डोक्यावर घेतली की त्याचं पाणी मानेवरून पाठीत उतरतं. माळाच्या पार टोकाला ढीग होता. जाऊन यायचं. जाऊन यायचं. खाली तापलेला मुरूम, वर ऊन.

पहिल्या महिन्यात मान गेली. मान गेली म्हणजे वळेना. कुणी हाक मारली तर सगळं अंग वळवावं लागायचं. मग गुडघे सुजले. मग उजव्या हाताची मूठ मिटेना. पाण्याचा तांब्या मी दोन्ही हातांनी धरायला लागले, बारकं पोर धरतं तसा. कांता माझ्यापेक्षा लहान. तिची पाठ अशी वाकली की ती चालायला लागली तर जमिनीवर काही शोधतेय असं वाटायचं. छावणीतली बाहेरगावची पोरं आम्हा सगळ्यांना 'म्हाताऱ्या' म्हणायची. "ए म्हाताऱ्या, इकडं पाटी आण." आम्ही पण ऐकायला लागलो होतो. हाक मारली की वळायचो.

जनावरांचा डॉक्टर रोज यायचा. चांगला माणूस होता. एकदा आमच्या पवळ्या बैलाचं तोंड उघडून त्यानं दात बघितले, खुरं बघितली, पाठीवरून हात फिरवला. माझ्या नवऱ्याला म्हणाला, "वय नाही ह्याचं एवढं. झिजवलाय तुम्ही. ह्याला आता जू नको. सावलीला बांधा, चांगलं खाऊ घाला."

मी बाजूला पाटी घेऊन उभी होते. डोक्यावर शेण. ते शब्द माझ्या कानात शिरले आणि तिथंच बसले. वय नाही एवढं. झिजवलाय. मला वाटलं, ह्या माणसानं आता वर बघावं. माझ्याकडं बघावं. तो पुढच्या दावणीला गेला. त्याचा काय दोष? तो जनावरांचा डॉक्टर.

*

कार्यक्रमानंतर पेपरात फोटो आला. चेअरमन वाकलेला, मी वर बघतेय, तोंड अर्धं उघडं, दोन दातांचं खिंडार दिसतंय. खाली लिहिलं होतं, 'सत्तर वर्षांच्या निराधार आजींचे आशीर्वाद घेताना चेअरमन'. पेपर छावणीत हातोहात फिरला. माझ्या नवऱ्यापर्यंत आला. त्यानं कुणाकडून तरी वाचून घेतला.

"निराधार म्हंजी?" त्यानं मला विचारलं. "मी काय मेलोय का?"

"मला काय इचारतोस? त्यास्नी इचार."

तो विचारायला गेला नाही. पेपराची घडी करून त्यानं बैलाच्या गव्हाणीत टाकली. राग माझ्यावरच. जसं काही मीच जाऊन त्याला मेला म्हणून सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं मला मशिनपाशी थांबवलं.

"तू उद्यापासून येऊ नको."

"कावून?"

"कावून काय? पेपर न्हाई वाचलास?"

"वाचलाय. मी सातवी शिकलेली हाय."

"मंग. सत्तर वर्साची बाई छावनीत शेन वाहती म्हनल्यावर आमच्या गळ्यात येतंय. वरून तपासनीला लोक येत्यात."

"मी सदतीसची हाय. तुमाला ठावं हाय."

त्यानं मशिनकडं बघितलं. मग म्हणाला, "आता पेपरात आलंय."

मला हसू आलं. खरंच आलं. कधी कधी माणसाला भलत्या जागी हसू येतं. मॅनेजरला वाटलं मी मान्य केलं. तो जवळ आला, आवाज खाली घेतला.

"तुझी पोरगी हाय की घरी. तिला धाड तुझ्या जागी. तरनीताठी हाय. जनावरं तुमची छावनीत हायेत, घरातलं कुनीतरी कामाला पायजेच. न्हाईतर मला बी वर सांगाया अवघड."

पोरगी म्हणजे रेणुका. अकरावीला होती, केजच्या कॉलेजात. सकाळच्या एसटीनं जायची, दुपारी यायची. आमच्या घरातली ती पहिली, जिला मी उसाच्या फडात नेलं नव्हतं. तिच्या आजीपाशी ठेवून आम्ही तोडीला जायचो. लोक म्हणायचे, पोरगी शिकवून काय करता. मी ऐकून घ्यायचे.

नवरा म्हणाला, "दोन महिन्याचा तर प्रश्न हाय. पाऊस पडंस्तवर."

मी नाही म्हणायला पाहिजे होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण पवळ्या समोर उभा होता, बरगड्या मोजून घ्याव्यात असा. रेणू कॉलेज सोडून गेली. माझीच पाटी, माझीच डोक्यावरची चुंभळ घेऊन गेली.

*

माझ्या आईला कुणीतरी सांगितलं की तुझ्या लेकीचा पेपरात फोटो आलाय, चेअरमननं साडी दिली. आईला आनंद झाला. तिला वाचता येत नाही. ती एसटीनं आली, फोटो बघायचा म्हणून. मी शेजाऱ्याकडून पेपर आणला. तिनं तो डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, परत जवळ धरला.

"ह्यो तर आमच्या गावच्या पाटलाचा जावई," ती म्हणाली. "काय म्हनतोय?"

"मला आजी म्हनला. सत्तर वर्साची म्हनला."

आई हसायला लागली. तोंडाला पदर लावून हसली. मग तिचं हसणं कमी कमी होत गेलं आणि थांबलं.

"ह्याच्या लग्नात तू माझ्या पोटात व्हतीस," ती म्हणाली. "सातवा चालू व्हता. वऱ्हाडाचं पानी आमच्याच वस्तीवर लावलं व्हतं. दोन दिस आडावरनं घागरी वाहिल्या म्या. ह्यो आंघुळीला बसला, त्ये पानी बी माझंच. पंगती उठल्या, उष्टं काढलं, मंग मांडवामागं आमाला वाढलं. तोवर तू पोटात सारखी लाथा मारत व्हतीस."

तिनं पेपर खाली ठेवला. मला बघितलं. माझ्या केसांकडं, माझ्या हाताकडं. माझी आई साठीच्या पुढची. आम्ही दोघी ओट्यावर शेजारी बसलो होतो. रस्त्यानं जाणारा बाहेरगावचा एक माणूस हसला आणि त्यानं विचारलं, "बहिनी-बहिनी का?"

आईनं मान खाली घातली. मी नाही घातली. त्या दिवशी पहिल्यांदा मला राग आला. नवऱ्याचा नाही, नशिबाचा नाही. तोवर मला वाटायचं, माझं अंगच कमी पडलं. दुसऱ्या बायका टिकल्या असतील, मीच नाही टिकले. पण दुसऱ्या बायका तरी कुठं टिकल्या होत्या? माझी आई आडावर वाकली. मी फडात आणि माळावर वाकले. कांता वाकली. आणि ज्याच्या आंघोळीचं पाणी आम्ही वाहिलं तो ताठ उभा राहून माईकवर बोलतो, आणि वाकतो तो फक्त फोटोपुरता. हे नशीब कसं असेल? ही वाटणी आहे. कुणी किती झिजायचं ह्याची वाटणी.

*

रेणूला छावणीत जायला लागून बरेच दिवस झाले होते. एका दुपारी ती जेवायला घरी आली. जमिनीवर बसून भाकरी खाल्ली. मग उठायला गेली.

तिनं एक हात गुडघ्यावर ठेवला. दुसरा जमिनीवर. आणि "आई गंऽऽ" करून ती हळूहळू वर आली. अर्ध्यात थांबली. कंबरेवर हात ठेवून तशीच उभी राहिली, डोळे मिटून. मग सरळ झाली.

सतरा वर्षांची पोर.

मी चुलीपुढं बसले होते. मी फक्त बघितलं. ते उठणं माझं होतं. तो 'आई गं' माझा होता. त्याआधी तो माझ्या आईचा होता. मी तिला जे द्यायचं नाही म्हणून एवढी वर्षं फडात राबले, ते तिनं माझ्या पाटीसोबत उचललं होतं.

"कुठं दुखतंय?" मी विचारलं.

"कुठं न्हाई."

"रेणे, खरं सांग."

"मानेतून खाली उतरतंय," ती म्हणाली. "मूठ वळत न्हाई सकाळी सकाळी. कांतामावशी म्हनती, व्हतंय सवयीचं."

ती परत निघाली. मी म्हटलं, जाऊ नको. ती म्हणाली, "आई, आज न्हाई गेले तर बैलांची वैरन तोडतील." आणि गेली. मी तिला पाठमोरी बघत राहिले. तिची चाल बदलली होती. पाय ओढत नव्हती अजून. पण पाऊल टाकायच्या आधी एक क्षण थांबत होती. आम्ही थांबतो तशी.

*

त्याच आठवड्यात मोठे अधिकारी दुष्काळ बघायला यायचे होते. छावणी बघणार होते. मॅनेजर स्वतः आमच्या दारात आला. जीप घेऊन.

"साहेबांनी खास सांगितलंय. आजीला आना. तीच साडी नेसून या."

मला कामावरून काढलं होतं, कारण मी म्हातारी होते. आता बोलावलं होतं, कारण मी म्हातारी होते. मी साडी नेसले. कपाळाला ठसठशीत कुंकू लावलं. मणी वर काढले. नवरा बघत होता. म्हणाला, "नीट बोल काय ते. जनावरं हायेत."

मी काही बोलायचं ठरवलं नव्हतं. हे खरं सांगते. जीपमध्ये बसले तेव्हा मला फक्त एवढंच माहीत होतं की आज मी कुणाला दंडाला धरू देणार नाही.

मांडव टाकला होता. खुर्च्या, कूलर, बाटल्यांचं पाणी. समोर दावणी झाडून पुसून लख्ख. बायकांना एका बाजूला रांगेत उभं केलं होतं, डोक्यावर पदर घेऊन. कांता होती. रेणू होती. तीच दोन पोरं मला न्यायला आली. मी हात झटकले. एकटी चढले स्टेजवर. तीन पायऱ्या. गुडघे दुखले. चढले.

चेअरमन हसत पुढं आला. फोटोवाले सरसावले. तो वाकायला लागला आणि मी पाय मागं घेतले.

"साहेब, पाया पडू नका."

त्याला वाटलं मी लाजतेय. तो वाकलेलाच होता. "आई, आशीर्वाद द्या," म्हणाला.

"तुमी माझ्या बापाच्या वयाचे हाय. तुमच्या लग्नात माझ्या आईनं पोटुशी असताना तुमच्या आंघुळीचं पानी वाहिलं. मी त्या पोटात व्हते. तुमी माझ्या पाया पडलात तर पाप मला लागंल."

माईक त्याच्या हातातच होता. सगळ्यांना ऐकू गेलं. तो सरळ झाला. चेहऱ्यावरचं हसू तसंच, फक्त डोळ्यांतून गेलं. पण तो मुरलेला माणूस. त्यानं माईक तोंडाशी नेला आणि प्रेमानं म्हणाला,

"वय झालं की विसर पडतो माउलींना. चालायचंच."

लोक हसले. सगळा मांडव हसला. अधिकारी पण हसले. आणि त्या हसण्यानं माझ्या आत जे अडकलं होतं ते सुटलं. पहिल्या वेळेला त्यानं माझं वय घेतलं होतं. आता तो माझी अक्कल घेत होता.

मी त्याच्या हातातला माईक धरला. ओढला नाही. त्याच्या हातावर हात ठेवून माईक माझ्या तोंडाकडं वळवला. त्याचा हात मऊ होता.

"मला कायबी इसर पडला न्हाई. मी सदतीसची हाय. मी निराधार न्हाई, माझा नवरा तिथं उभा हाय. मी म्हातारी न्हाई, मी झिजलेली हाय. ह्या छावनीत शेन वाहून झिजले. त्या बायका बगा. एक बी चाळिशीच्या म्होरं न्हाई. गुरांना डाक्टर रोज येतो. ह्या बायकांना कवा आला का, इचारा. आन ती शेवटची उभी हाय ती माझी पोरगी. सतरा वर्साची. ती आजपासून ह्या कामावर येनार..."

माईक बंद झाला. कुणीतरी वायर काढली. मी तसंच ओरडले, "न्हाई! येनार न्हाई!"

मी बायकांच्या रांगेकडं बघितलं. मला वाटलं, कुणीतरी बोलेल. एकजण तरी 'हो' म्हणेल. सगळ्यांच्या माना खाली होत्या. कांतानं हात वर केला. खांद्यापर्यंत आला आणि तिथंच राहिला. मग तिनं त्या हातानं पदर सारखा केला.

एका अधिकाऱ्यानं मॅनेजरला विचारलं, "काय म्हणत होत्या त्या?" मॅनेजर म्हणाला, "डोक्यावर जरा परिणाम झालाय, सर. उन्हाचा." अधिकारी म्हणाला, "अच्छा." मग ते चहाला गेले.

रेणू रांगेतून बाहेर आली. तिनं चुंभळ खाली टाकली. माझ्याजवळ आली, पण मला धरलं नाही. शेजारून चालली. आम्ही दोघी माळावरून घरी आलो. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

*

त्याच दिवशी संध्याकाळी आमची जनावरं छावणीबाहेर काढली. जागा दुसऱ्यांना पाहिजे म्हणाले. नवऱ्यानं दावी सोडली. मला वाटलं, हा आता मारणार. त्यानं मारलं नाही. बैल हाकत तो पुढं चालला होता, मी मागं. घराजवळ आल्यावर न वळता म्हणाला,

"तुझं खरं हाय. पन जनावरं खरं खात न्हाईत."

गाय विकली. पवळ्याला आष्टीकडं नणंदेच्या गावी नेऊन बांधलं, तो तिथंच मेला. दुसरा बैल बाजारात दिला. पाऊस आला तेव्हा आमची दावण रिकामी होती. त्यानंतर आम्ही दुसऱ्याच्या औतावर पेरलं. नवरा कित्येक महिने माझ्याशी कामापुरतं बोलायचा. गावात मला 'येडी आजी' नाव पडलं. चेअरमनचं काही वाकडं झालं नाही. तो अजून चेअरमन आहे.

रेणू परत कॉलेजला गेली. तिची मान अजून दुखते. सकाळी मूठ उघडायला तिला वेळ लागतो. ते गेलं नाही. माझे गुडघे तर परत येणार नाहीतच. हे मला माहीत आहे. मी आता चाळिशी ओलांडली आहे आणि जिन्याच्या चार पायऱ्या चढले की मला बसावं लागतं.

बऱ्याच दिवसांनी कांता आली. दारात उभी राहिली. म्हणाली, "तू बोललीस ते खरं व्हतं. माझा हात वर आला व्हता. तू बगितलास का?"

"बगितला."

"पुरता न्हाई आला."

"बस," मी म्हटलं.

ती बसली. मग दुसरी आली. आम्ही चौघी-पाचजणी बसायला लागलो. आधी नुसतं दुखणं सांगायचो. कुणाचं काय गेलं. दात, मान, पिशवी, झोप. मग केजला गेलो, एका ऑफिसात. म्हटलं, छावणी लावता, टँकर लावता, तिथं राबणाऱ्या बायकांना तपासायला पण कुणी लावा. टेबलामागचा माणूस म्हणाला, "आजी, तसा नियम नाही." मी म्हटलं, "आजी कुनाला म्हनता? माझं वय इचारा आधी." त्यानं विचारलं नाही. मीच सांगितलं. सगळ्याजणींनी आपापलं वय सांगितलं. मोठ्यानं. ऑफिसातले लोक वळून बघायला लागले. काम झालं नाही. पण त्या दिवशी परतताना एसटीत कांता पाठ टेकून बसली होती, हे मी बघितलं.

ह्या वर्षी परत पाऊस नाही. माळावर परत बांबू रोवलेत. मॅनेजर वस्तीवर आला होता, बायका पाहिजेत म्हणून. आम्ही त्याला उभ्यानंच सांगितलं. शेण हातगाड्यांवर जाईल, डोक्यावर नाही. उन्हाच्या वेळी काम बंद. मशिनवर पाळी लावायची, एकच बाई दिवसभर नाही. बायकांसाठी डॉक्टर यायला पाहिजे. आणि शाळा-कॉलेजातली एक पण पोरगी कामावर दिसली नाही पाहिजे. तो हसला. म्हणाला, "तुमच्याबिगर काय अडलंय?" दुसऱ्या दिवशी त्यानं पलीकडच्या गावातून टेम्पो भरून बायका आणल्या. रस्त्यानं जाताना मी त्यांना बघितलं. तरण्या आहेत. एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून हसत होत्या. त्यातल्या दोघी-तिघी तर रेणूपेक्षा लहान.

उद्या मी त्या गावाला जाणार आहे. कांता येणार आहे. लांब आहे, मध्ये दोनदा बसावं लागेल. आम्ही एकेका घरात जाणार आहोत. त्या बायकांसमोर बसून आधी आमचं वय सांगणार, मग उठून दाखवणार. दार लावलं तर परवा परत जाणार. मॅनेजरनं तिसऱ्या गावातून बायका आणल्या तर तिसऱ्या गावाला जाणार. चालता येईल तोवर जाईन. चालता यायचं बंद झालं तर मला उचलून न्यायला सांगेन आणि त्या छावणीच्या फाटकात बसेन.